अंतरपाटापर्यंतचा उजेड

अधारतालच्या मेन रोडवर यामिनीचा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो काढून पोट भरतं, पण तिचा जीव लग्नांत. मागच्या वर्षी पाटनला एका लग्नात तिचा घात झाला. संध्याकाळची वेळ, आणि फोटोत दाणे येतील या भीतीने तिने कॅमेऱ्याचा आयएसओ, कमी उजेडात वाढवायचा तो आकडा, वाढवलाच नाही. अंतरपाट खाली आला तो क्षण सगळा पुसट. नवरीची आई स्टुडिओत येऊन रडली. तेव्हापासून लग्नाची कामं दुसरीकडे जाऊ लागली. हे मला यामिनीनेच सांगितलं, आणि हेही, की या वेळी चुकलं तर पुन्हा लग्नाला हात लावणार नाही.

या वेळचं लग्न माझ्या ताईच्या मुलीचं, अवंतिकाचं. गोरज मुहूर्त, खमरियाचं उघडं मैदान. फ्लॅशने अवंतिकाची अर्धशिशी उठते, म्हणून फ्लॅश बंद. मांडवातले दिवे रंगीत आणि मिणमिणते. त्यात वऱ्हाड उशिरा आलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा सूर्य बुडालेला होता.

आणि आमच्या घरातल्या बायका! प्रत्येकीला आपलं मंगलाष्टक म्हणायचंच असतं, तेही सगळ्या तानांसकट. मी शहाणपण शिकवत नाही, मीही त्यांतलीच. चार दिवस बसून मी स्वतः रचून कागदावर उतरवलं होतं, दोन्ही घरांची नावं गुंफून.

यामिनी माझ्या शेजारीच उभी होती. पहिलं कडवं झालं, तिने आयएसओ आठशेचे सोळाशे केले. दुसरं म्हणणाऱ्या आत्याबाईंनी 'सावधान' इतकं लांबवलं की तेवढ्यात बत्तीसशे झाले. दर अक्षतांनंतर ती एक फोटो काढायची, मोठा करून बघायची. रव्यासारखे दाणे दिसायला लागले होते. तिच्या कपाळावर डिसेंबरच्या थंडीत घाम होता.

"मावशी, आणखी किती जणी आहेत?" तिने हळूच विचारलं. "उजेड पळून राहिला."

"एक. मग मी."

तिने आकडा चौसष्टशेवर नेला आणि तिथेच अंगठा ठेवून उभी राहिली. मला कळलं, पुढे तिच्या कॅमेऱ्याला जागाच नाही. माझ्या आधीच्या काकूंनी सुरुवात केली. पाटनच्या त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, तरी तीच डोळ्यांसमोर आली.

काकू थांबल्या. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांना माझ्या मंगलाष्टकाचं माहीत होतं ना. मी मान हलवून नाही म्हटलं. वाईट वाटलं, खूप वाटलं.

यामिनी माझ्या शेजारून झटकन समोरच्या बाजूला गेली आणि अंतरपाट खाली आला. वाजंत्री, अक्षता, आणि त्या गोंधळात यामिनीच्या कॅमेऱ्याचा आवाज मला एकटीला ऐकू आला.

तो फोटो आता ताईच्या दिवाणखान्यात आहे. शालूवर दाणे दिसतात, पण अवंतिकाची वर उचललेली नजर स्वच्छ आली आहे. मांडवातली सगळी माणसं नवरा-नवरीकडे बघताहेत. मी तेवढी हातात घडी केलेला कागद धरून सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे.