डाव्या हाताचा अर्ज

वडगावच्या कोर्टासमोर मी अर्ज टाइप करून देतो. मळवलीला बंगल्याची राखण करणारे एक भाऊ दर मंगळवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याकडे येतात. करोनाची लस घेतल्यापासून डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून त्यांना नुकसानभरपाई हवी आहे.

आरोग्य केंद्रानं लिहून दिलं, की लशीनंतर अर्धा तास ते ठणठणीत होते. वरच्या कचेरीनं विचारलं, हात लशीमुळंच दुखतो याला पुरावा काय?

"बायकोचं नाव टाका," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "रोज तीच त्याल लावतीया."

मी टाकलं. उत्तर आलं, साक्षीदार तज्ज्ञ असावा.

लशीचं नाव काढलं तरी हा माणूस भडकत असेल, असं मला वाटायचं. परवा ते नातीला उजव्या कडेवर घेऊन आले. तिला गोवराची लस टोचून आणली होती.

"भाऊ, तुम्हीच नेलंत?"

"व्हय. लशीशी माझं भांडान न्हाई. माझा हात दुखतोय, येवढं कुनीतरी सायबानं कागदावर लिहावं."

मी ते वाक्य तसंच टाइप केलं. वर कोणत्या साहेबाचं नाव घालावं, ते मात्र मला सुचेना.