मेणावरचं बोट

माझे भावजी कुलुपं दुरुस्त करतात. त्यांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती आहेत: ज्यांनी चोरी केली ते, आणि ज्यांना अजून संधी मिळाली नाही ते. मी दुसऱ्या जातीतला, हे त्यांनी ताईच्या लग्नातच ठरवून टाकलं होतं. मी विमा विकतो, तेव्हा संशयी नजरांची मला सवय आहे. पण भावजींच्या घरी चहा पिऊन झाला रे झाला की समोरून चमचा उचलला जातो, याची सवय काही होत नाही.

दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. भिंतभर खिळे, खिळ्यांना किल्ल्या, आणि सगळ्यांवर नजर राहील असा एक आरसा. त्यांची खरी ख्याती मेणाची. कुलूप कुणी चोरून उघडलं का हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून किल्लीच्या भोकावर ते मेणाचा पापुद्रा ओढतात. तो तपासायचा नखाच्या पाठीने, अगदी अलगद. मेण शाबूत असेल तर निश्चिंत झोपा, नसेल तर घरातली माणसं मोजा, असं ते सांगतात आणि स्वतःच हसतात. गिऱ्हाईक सहसा हसत नाही.

हेच मेण त्यांनी घरातल्या कपाटालाही लावलं होतं. आत चांदीची भांडी, किल्ली त्यांच्या खिशात. ताई एकेक भांडं माझ्याकडे पोचवते, हा त्यांचा लाडका संशय. गेल्या वर्षी एकदा ते मेण दबलेलं निघालं. भांडी सगळी जागच्या जागी होती, पण ते कोण ऐकतो? महिनाभर ते ताईशी बोलले नाहीत आणि तेवढे दिवस मला घराचं दार बंद झालं. ताईने मुलीच्या गळ्याची शपथ घेतली. "मेण खोटं बोलत नाही," एवढंच ते म्हणाले. मला त्या माणसाचा तेव्हा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही.

अशा घरात माझ्या भाचीने शाळेतल्या नाटकात काम घेतलं. तेही कसलं, तर दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं. एक राजा लढाईला जाताना राणीच्या महालाच्या दाराला मेणाची मोहोर लावतो, परत येतो, मोहोर दुखावलेली, म्हणजे दबलेली, पाहतो आणि राणीला हाकलून देतो. मला पहिला संशय आला तो नाटकाचाच. ज्या पोरींना उद्या नोकऱ्या शोधायच्या आहेत त्यांच्या गळ्यात हे जुनं लोढणं कशाला? मी शाळेत जाऊन नाटक बसवणाऱ्या बाईंना तसं विचारलंही.

बाई म्हणाल्या, "मी त्यांना एकच नियम घातलाय. शब्द नाटकातले, एकही बदलायचा नाही. हातवारे मात्र आपापल्या घरातले आणायचे."

"त्याने काय होतं?"

"बघायला या," त्या म्हणाल्या. ताकास तूर लागू देणारी बाई नव्हती ती.

भावजींना वेगळाच घोर. तालमीच्या नावाखाली पोरगी जाते कुठे, भेटते कुणाला? त्यातच शाळेच्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना स्पर्धेसाठी परगावी जायचं होतं, मुक्कामासकट. भाचीचा सगळा जीव त्या स्पर्धेत अडकला होता. भावजींनी निकाल दिला: "आधी मी प्रयोग बघणार. जरा जरी काही खटकलं, तर परगाव नाही आणि शाळाही नाही." ते बोलले की करतात, हे आम्हाला ठाऊक होतं.

प्रयोगाला ते शेवटच्या रांगेत बसले, कारण तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. राजाचं काम भाचीकडे आहे हे पडदा उघडल्यावर कळलं. राजा परत आला, महालाच्या दाराशी थांबला. मान डावीकडे कलली, एक डोळा बारीक झाला. ताईने माझा हात घट्ट धरला. राजाने बोट पुढे केलं, मोहोरेवर टेकवलं, नीट दाबलं, अंगठ्यावर चोळून वास घेतला. आणि मग नाटकातलं जुनं वाक्य बोलला, "ही मोहोर दुखावली आहे."

सभागृहात कुणीतरी हसलं. मोहोर कुणी दुखावली हे प्रत्येकाने पाहिलं होतं, एकट्या राजाने सोडून. पुढे राणी निर्दोष असल्याचं सांगत राहिली आणि मला ताईकडे बघवेना.

प्रयोग संपताच भावजी थेट घराकडे निघाले. आता काय होणार, या धास्तीने मीही मुद्दाम सोबत गेलो. भाची बूट न काढता दारातच उभी राहिली.

भावजी म्हणाले, "राजाचं चुकलं."

"काय चुकलं, बाबा?"

"बोट लावतात का कधी? नखाने बघतात. बोटाच्या उबेने मेण दबतं, आणि आपलाच ठसा..." ते थांबले.

भाची हळूच म्हणाली, "दुकानात तुम्ही नखच लावता. घरी रागात असता, तेव्हा बोट लावता. मी कितीदा बघितलंय."

भावजींची नजर कपाटाकडे गेली. सांगायला गेले असते तर बरंच काही सांगता आलं असतं, त्यांना कारणं सुचायला वेळ लागत नाही. मी वाट बघत होतो.

"महिनाभर, अहो," ताई म्हणाली. तिचा आवाज चढलाही नव्हता.

ते खुर्चीत बसले. खिशातून कपाटाची किल्ली काढून त्यांनी टेबलावर तिच्यासमोर ठेवली. मग भाचीला विचारलं, "उद्या बस किती वाजता सुटते?"

या किल्लीची जोडीदार दुकानात टांगलेली असेल, असं माझ्या मनात आलंच. खोटं कशाला बोलू? ताईने मात्र उठून कपाट उघडलं, चांदीचं एक भांडं काढलं, धुतलं आणि त्यात मला प्यायला पाणी दिलं. पाणी पिऊन मी ते रिकामं भांडं मुद्दाम भावजींच्या हाताजवळ ठेवलं. मी निघेपर्यंत ते तिथेच होतं.