फणसाच्या वतीनं

परसात आमचा गडी बाबू फळ न धरणाऱ्या फणसावर कोयत्याचे घाव घालत होता. "धरतोस की तोडू?" साल उडत होती, चीक गळत होता. झाडाच्या वतीनं घरच्या बाईनं "मारू नका, यंदा धरीन!" म्हणायचं, ही आमची रीत. नवी नवरी असताना मी ते असं विव्हळून म्हटलं की सगळे पोट धरून हसले. बावळट कुठली, कौतुकानं केवढी फुगले होते मी! पुढे पाच बाळंतपणं झाली, "धरतेस का?" असं मला एकदाही कुणी विचारलं नाही.

बाजूला नातसून उभी होती. तिला गर्भपात करायचाय. घर ओरडतंय, "पोटात जीव आहे!" आहेच. पण मग ही कोण, झाड?

"आजी, बोला की!" बाबूनं कोयता उगारला.

"नाही म्हणतंय ते," मी म्हटलं. "कोयता ठेव खाली."