तिसऱ्या कोपऱ्यातलं पाणी

ते भांडण मी भिंतीआडून ऐकलं. मुद्दाम नव्हे. मी शेजारच्या खोलीत उशांना अभ्रे चढवत होते, आणि आमच्या भिंती अशा की एका खोलीत शिंकलं तर दुसरीतल्यानं नाक पुसावं.

"बाबा, तुम्ही तिथे पाणी मारलंच नाहीत!"

"मारलं होतं."

"मग चेंडू असा उसळला कसा? दोन दात गेले माझे. वर सामनाही गेला."

"पाणी मारलं होतं, म्हणतो ना!"

झालं. त्यानंतर अकरा वर्षं बापलेकांत "किल्ली कुठाय" आणि "वाढलंय" यापलीकडे बोलणं नाही. जाऊबाई लवकर गेलेली, त्यामुळे दोघांना वाढायला मीच. एकाच टेबलावर दोन मुके जेवायला घालायचे म्हणजे आपलंही तोंड आंबून जातं.

बाप म्हणजे माझे धाकटे दीर. बेसबॉलचं मैदान राखणं हे त्यांचं काम. या खेळात दांड्यानं चेंडू मारायचा आणि मैदानाचे चार कोपरे धावून यायचे. ते कोपरे मातीचे, मध्ये गवत. भाऊजींचा जीव त्या मातीत. रोज सकाळी खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचे. गुडघ्याएवढा उसळला की पाणी हवं, पोटरीएवढा उसळला की बास. लग्नाकार्यात कुणी तब्येत विचारली तरी हे ओलावा सांगायचे, म्हणून खेळाडू त्यांना ओलेराव म्हणत.

त्यांचा मुलगा तिसऱ्या कोपऱ्यावर खेळायचा. त्या सामन्यानंतर त्यानं खेळ सोडला आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांच्या कंपनीत लागला. गंमत बघा, तिथेही त्याच्या वाट्याला बेसबॉलच आला. दरवर्षी ते नवा गेम काढत. आदल्या वर्षीच्या गेमला लोकांनी पार धुऊन काढलं होतं. खेळाडू तेल सांडल्यासारखे घसरतात, गर्दी दाखवली की पडदा अडखळतो, आणि चेंडू कुठेही पडो, उसळतो तेवढाच. बाकीचं बाकीच्यांनी सुधारलं. मातीचं काम याच्याकडे आलं. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर जुनीच माती घालायची, असं साहेबांनी बजावलेलं.

पोरगं पुस्तकं उलगडत होतं, कुणाकुणाला फोन लावत होतं. मी म्हटलं, "अरे, काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? बाप पलीकडे बसलाय."

"काकू, तू यात पडू नकोस."

पडले नाही. खुर्चीत बसले.

रविवारची दुपार होती. पडदे ओढलेले. त्यानं गेम खेळायचं मशीन बाहेरच्या खोलीत लावलं आणि समोर मैदान उगवलं. माझे डोळे मिटत होते, उघडत होते; प्रत्येक वेळी ते गवत थोडं आणखी जवळ आल्यासारखं वाटे. त्यावरून वारा जात होता आणि आमचा पंखा तर बंद होता. प्रेक्षकांच्या छपराची सावली मातीवरून मांजरासारखी सरकत होती. मला वाटलं, हात लांब केला तर बोटं हिरवी होतील.

भाऊजी पाणी प्यायला आले आणि पेला हातात धरून तसेच उभे राहिले.

"सावली चालतेय," ते स्वतःशीच म्हणाले.

"पूर्वी खिळ्यानं ठोकल्यासारखी असायची," मुलगा पडद्याकडे बघतच बोलला. "आता चेंडू सावलीत शिरला की मारणाऱ्याला उशिरा दिसतो."

किल्लीच्या पलीकडचं हे पहिलं वाक्य. मी डोळे गच्च मिटून घेतले. माझ्या जागेपणानं विरजण नको पडायला.

त्यानं चेंडू तिसऱ्या कोपऱ्याकडे मारला.

"हे मैदान आहे की कॅरमबोर्ड?" भाऊजी म्हणाले.

"ओलावा घातलाय. कोरडं असेल तर जास्त उसळतो, ओलं असेल तर कमी."

"आणि जास्तच ओलं झालं तर?"

"तर आणखी कमी."

"नाही." भाऊजी खाली जमिनीवर बसले. पेला बाजूला ठेवला. "जास्त ओल्यात बुटांचे खिळे रुततात. मातीला काठ उभे राहतात. वर दोन तास ऊन लागलं की ते काठ विटेसारखे होतात. चेंडू त्यावर लागला की सरळ तोंडावर येतो."

"तुम्ही हे कुठे पाहिलंत?"

पडद्यावरची सावली पार कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर भाऊजी तिच्याकडे बघत राहिले.

"त्या दिवशी. सगळीकडे एकदा पाणी मारलं, तुझ्या कोपऱ्यात दोनदा. म्हटलं, पोराकडे येणारा चेंडू जरा मऊ यावा."

मुलाची जीभ खोट्या दातांवर फिरलेली मला मिटल्या डोळ्यांच्या फटीतून दिसली.

"अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"मैदान दोन्ही बाजूंना सारखं हवं. राखणाऱ्यानंच एक कोपरा लाडावून ठेवला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा तू मला आळशी म्हणालास तेच बरं होतं."

 मुलानं मांडीवर की-बोर्ड ओढला. "खिळा किती खोल रुतला होता?"

भाऊजींनी करंगळीचं अर्धं पेर दाखवलं.

"ढग?"

"एकही नाही. वाऱ्याचं लिहून घे, वारा होता."

दिवेलागणीपर्यंत तेच चाललं. मी खरंच झोपले. स्वप्नात कुणीतरी लांबच्या लांब पाइप ओढत मैदानभर पाणी घालत होतं, आणि मैदान काही संपत नव्हतं.

नवी माती गेममध्ये राहिली. खेळणारे म्हणू लागले, आता आधी जमीन बघावी लागते, चेंडू वेडावाकडा आला की हातातलं यंत्र थरथरतं. मुलानं गेम घरी आणला. भाऊजी तो कधी जिंकले नाहीत, कारण ते सामना सुरूच करत नसत. रिकाम्या मैदानात खेळाडू इकडून तिकडे चालवत बसायचे.

आणि फोन सुरू झाले. मुलगा कामावरून विचारी, "बाबा, पाऊस थांबल्यावर गवत किती वेळात सुकतं?" बाबा आधी मैदानात जाऊन बघून येत, मगच उत्तर देत. आठवणीतून सांगणं त्यांना चोरी वाटे.

भाऊजींच्या आयुष्यातल्या शेवटच्या दिवशीही फोन आला, तेव्हा ते सायकल काढत होते. चुन्याची रेघ पायांखाली किती टिकते, हे मुलाला हवं होतं.

"चुनाच आणायला निघालोय. संध्याकाळी सांगतो," ते म्हणाले, आणि मला हाक मारली, "वहिनी, काही आणायचंय?"

"काडेपेटी."

"एकच?"

"दोन आणा. तुम्ही एक हरवता."

ते गेले. चुन्याचं पोतं आणलं, चाळलं, रेघ मारली, सामना उभ्यानं पाहिला. परत आल्यावर बूट दाराबाहेर झाडले, काडेपेट्या ओट्यावर ठेवल्या, त्या दोन्ही होत्या, आणि फोन लावला.

"पाचव्या डावापर्यंत टिकते. माणसं पाय घासत चालणारी असली तर चौथ्यालाच जाते. लिहिलंस?"