हद्दूच्या दारावरचा दगड

हद्दू दगड आधी चाटून बघायचा, मग बोलायचा.

वाळवंटाकाठच्या आल्निफ गावच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. खऱ्या दगडात थुंकी मुरते. रेझिनच्या नकली मालावर ती तशीच चमकत राहते. परदेशी गिऱ्हाइकांना किळस येते म्हणून त्यांच्यासमोर हद्दू बाटलीतलं पाणी वापरायचा. गावच्या माणसांसमोर जीभ. शेजारचा दुकानदार मोहा दर वेळी म्हणायचा, "आज इत्तोने उपाशी ठेवलं वाटतं दादाला." इत्तो ही हद्दूची बायको. हद्दू ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. दगड उन्हात तिरका धरायचा, भिंग लावायचा, आणि मोहाच्याच फळीवरचा असला तरी सांगून टाकायचा, की डोकं खरं आहे, शेपूट मागच्या गल्लीत जन्मलेली आहे.

त्याच्या दुकानात दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर डोंगरातून निघालेले ट्रायलोबाइट. इथे समुद्र होता तेव्हाचे प्राणी, चिलखत घालून झोपल्यासारखे. खालच्या फळीवर नकली. कुणी विचारलं तर हद्दू खालच्या फळीचं खरं सांगायचा. विचारत कुणी नसे. लोकांना खालचेच आवडायचे. ते चकचकीत असायचे, दोन्ही डोळे सारखे, एकही काटा मोडलेला नाही. गिऱ्हाईक खूश आहे तर आपण कशाला मोडता घालायचा, असं हद्दूचं मत होतं.

दुकानाच्या मागेच त्याचं घर. घराच्या दारावर, मातीच्या भिंतीत, एक काळपट दगड लिंपलेला होता. त्यात प्राणी नव्हता. प्राण्याची नुसती पोकळी होती, ओल्या मातीवर कुणी निजून उठून गेल्यासारखी. जाणकार गिऱ्हाईक त्याच्यापाशी थबकायचं. हद्दू हात हलवायचा. "तो विकायचा नाही. तसंही त्यात काही नाही. रिकामा आहे."

रिकामा होता हे खरं. त्याचा भरलेला अर्धा भाग फ्रान्सला होता. इशूकडे.

हद्दू आणि इशू एकाच आळीतले. दोघांच्या बकऱ्या एकाच डोंगरावर चरल्या. तेव्हा गावात दगडांचं एकही दुकान नव्हतं. दोघं खाणीत मजुरीला जायचे आणि दुपारच्या सुट्टीत बाजूच्या उतारावर पाटीचा दगड फोडत बसायचे. हा दगड वहीसारखा उघडतो. घाव नेमका बसला की एका पानावर प्राणी येतो, दुसऱ्या पानावर त्याचा ठसा. वाटणीची रीत ठरलेली होती. घाव घालणाऱ्याला अंग, दगड धरून बसणाऱ्याला ठसा. बोटं धरणाऱ्याचीच चेचली जायची, पण रीत ती रीत. आणि दोन्ही अर्धे कधी एका घरात ठेवायचे नाहीत. दगड खरा की खोटा असा वाद निघाला, तर एकाने दुसऱ्याच्या घरी जायचं आणि जुळवून दाखवायचं. त्या निमित्ताने जाणं-येणं राहतं.

एका वसंतात फ्रान्सच्या कोळशाच्या खाणींसाठी माणसं निवडायला एक साहेब आला. चौकात रांग लागली. सगळे सदरे काढून उभे. साहेब दात बघायचा, दंड दाबायचा, बकरी घ्यायला आल्यासारखा. पसंत पडला त्याच्या छातीवर हिरवा शिक्का. नापसंताच्या छातीवर लाल. इशूला हिरवा मिळाला. हद्दूला लाल. का, ते कुणी सांगितलं नाही.

हद्दू एका पडक्या कुंपणाआड बसून वाळूने छाती घासत होता. इशू शोधत तिथे आला. शिक्क्याबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, "चल, डोंगरावर जाऊ. एक दगड हेरून ठेवलाय."

त्या दगडात तो निघाला. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, रुंद कपाळाचा, गालांचे काटे मागे वळवलेले. डाव्या अंगाच्या तीन फासळ्या आत दबलेल्या होत्या. इशू म्हणाला, याला कुणीतरी चावलंय. हद्दूने बोट फिरवून पाहिलं. फासळ्यांच्या कडा गोल झाल्या होत्या, जखम भरून आली होती. "चावलंय," तो म्हणाला, "पण हा वाचलाय."

घाव इशूचा होता. अंग तो लोकरीच्या बंडीत गुंडाळून फ्रान्सला घेऊन गेला. ठसा हद्दूकडे राहिला.

पुढे दर उन्हाळ्यात इशू यायचा. टपावर गाद्या, घोंगड्या आणि सायकल बांधलेली गाडी थेट हद्दूच्या दाराशी थांबायची.

"काय हिरव्या, आलास?"

"आलो लाल्या. जिवंत आहेस अजून?"

हे झाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. पहिली वर्षं दोघं डोंगरावर जायचे. मग इशूला चढताना धाप लागू लागली, तेव्हा पायथ्यापर्यंत. मग तेही नाही. दुकानासमोरच्या बाकावर बसून चहा. कोळशाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. तो खोकायला लागला की हद्दू दुसरीकडे बघायचा आणि उगाच एखादा दगड पुसायचा. फ्रान्सहून आलेल्या कुणी इशूचं नाव काढलं की हद्दूला आपली छाती आठवायची. लाल शिक्क्याने आपल्याला वाचवलं, हे त्याला कळत होतं. ते तो कुणाशीच बोलला नाही.

एका हिवाळ्यात फोन आला. इशू गेला होता. पोरांना कबरीवर जाता यावं म्हणून त्याला तिथेच पुरलं. हद्दूने फळ्यांवर चादर टाकली. त्या दिवशी मोहानेही थट्टा केली नाही.

वसंतात, बाजाराच्या दिवशी, एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. शहरी कोट, गळ्यात ओढणी. ती बोलली आणि हद्दूच्या हातातला चहाचा पेला तिथेच थांबला. ती त्याच्या तरुणपणीची भाषा बोलत होती. विहिरीच्या रहाटाला, बकरीच्या दाव्याला गावात आता कुणी वापरत नाही ते शब्द. बापाने जाताना भाषा बरोबर नेली होती, ती तशीच तिला दिली होती. ती तूदा, इशूची मुलगी, लहानपणी त्याच्या गाडीतून यायची ती.

इत्तोने तिला घरात नेलं. कांदा आणि मांस भरलेली रोटी, खजूर, ताक. पण तूदाचं जेवणात लक्ष नव्हतं. तिने पिशवीतून एक गाठोडं काढून हद्दूच्या पुढ्यात ठेवलं. लोकरीची बंडी होती.

सगळं तिने सावकाश सांगितलं. बापामागे घर रिकामं करताना भावांनी हा दगड एका दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, नकली आहे. भाऊ हसले. एक म्हणाला, म्हणजे डोंगर, छिन्नी, वाटणी, सगळी गोष्टच म्हाताऱ्याने रचली. तूदाला ते सहन झालं नाही. ती दगड उचलून थेट इथे आली.

"दगडाची किंमत मला नको," ती म्हणाली. "दादा, बाबा आमच्याशी खोटं बोलले का, तेवढं सांगा."

हद्दूने बंडी उलगडली. त्याला चाटायची गरज पडली नाही. कपाळावर, कडेला, टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे होते. खऱ्या दगडात बुडबुडे नसतात. तेवढ्यात मोहा साखर मागायला आत आला, तूदाच्या खांद्यावरून डोकावला आणि सहज म्हणाला, "हा खालच्या फळीवरचा दिसतोय. चांगला ओतलाय पण."

मोहाला काय चुकलं ते कळेना. इत्तोने त्याच्या हातात साखर कोंबून त्याला बाहेर काढलं.

तूदा मान खाली घालून बंडीची घडी करू लागली. हद्दूने तिचा हात धरला. त्याचं बोट दगडाच्या डाव्या अंगावर गेलं होतं. तीन फासळ्या. आत दबलेल्या, कडा गोल झालेल्या. हा चावा जगात एकाच प्राण्याच्या अंगावर होता. आणि हात लागत होता तो रेझिनला.

त्याने पुन्हा चाचपलं. शेपटीपाशी बोट अडखळलं. तिथे वाटाण्याएवढा एक फुगवटा होता. इशूच्या दगडात तो नव्हता, हे हद्दू झोपेतही सांगू शकला असता.

तो उठला, कोपऱ्यातली पहार घेतली आणि दाराबाहेर स्टुलावर चढला. इत्तो ओरडली, की ईदला लिंपलेली भिंत आहे, म्हाताऱ्याला वेड लागलं. हद्दू भिंत उकरत राहिला. माती इत्तोच्या डोक्यावर पडली. ठशाचा दगड सुटला, तसा तो पोटाशी धरून खाली उतरला.

दगड अंगणात उताणा ठेवला. तूदाने वरून आपला अर्धा पालथा घातला.

अंग ठशात असं बसलं, की मधून नखही जाईना. काटे काट्यांच्या खाचेत, फासळ्या फासळ्यांत. आणि शेपटीपाशी ठशाचा टवका उडालेला होता. वरच्या गावातून खाली रस्त्याकडेच्या या घरात राहायला येताना गाढवावरून पडून तो उडाला होता. इशू फ्रान्सला गेल्यावर कितीतरी वर्षांनी. फुगवटा नेमका त्या टवक्यात बसला.

हद्दू मातीत बसून राहिला. मग त्याने विचारलं, "तुझा हा अर्धा मध्ये कधी तुमच्या घरात नव्हता का?"

तूदा आठवू लागली. लहानपणी एका हिवाळ्यात कपाटावरची त्याची जागा रिकामी होती. रस्त्यावरच्या जुन्या सामानाच्या बाजारात आईने फुटक्या भांड्यांबरोबर तोही विकून टाकला होता. तिला वाटलं, बिनकामाचा दगड. बाबा तिच्याशी भांडले नाहीत. पण त्यानंतर दर रविवारी ते जुन्या सामानाचे बाजार पालथे घालत फिरायचे. पुढच्या उन्हाळ्यात सगळे गावी आले, परत गेले, आणि दगड पुन्हा कपाटावर दिसला. तूदाला वाटलं, बाबांना तो सापडला.

हद्दूला तो उन्हाळा आठवला. इशू म्हणाला होता, ठसा जरा काढून दे, भावाच्या घरी नेतो, पोरांना दाखवतो. परत आणला तेव्हा ठसा स्वच्छ होता आणि त्याला तेलाचा वास येत होता. हद्दूने चिडून विचारलं होतं, केसांच्या तेलाने धुतलास की काय. इशू म्हणाला होता, धूळ फार झाली होती रे लाल्या.

ओतीव माल साच्याला चिकटू नये म्हणून आधी तेल लावतात. नकली माल ओततात त्या मागच्या गल्लीत पोरंसोरंही हे जाणतात. साऱ्या बाजाराची चोरी नाकाने ओळखणाऱ्या हद्दूने तो वास घेतला होता, आणि ठसा परत भिंतीत लिंपून टाकला होता.

"पोरी, हा नकली आहे," तो म्हणाला. "दुकानदार बरोबर बोलला."

तूदाने आपला अर्धा उचलायला हात पुढे केला.

"पण तुझा बाप खोटं बोलला नाही. डोंगर होता. दगड होता. हरवला तेव्हा तो इथे आला आणि या ठशातून त्याने तो परत काढला. खोकत खोकत काढला असेल. त्या रसायनाचा धूर किती असतो ते मला माहीत आहे."

"मग तुम्हाला का नाही सांगितलं?"

हद्दू हसला. "मी त्याला मरेपर्यंत चिडवलं असतं. अंग हरवलेला हिरवा. त्याला ते ठाऊक होतं."

हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तसा तो अंगावरची माती झटकू लागला.

निघायच्या वेळी त्याने ठशाचा दगड लोकरीच्या बंडीत गुंडाळला आणि तूदाच्या पुढे धरला. ती मागे सरली. हा तुमच्या वाटणीचा, ती म्हणाली. हद्दूने ऐकून घेतलं नाही. "हा खरा आहे. भावांना दाखव. मग त्याच्या कबरीवर ठेव. पण जोडी एका घरात राहत नाही, म्हणून तुझा अर्धा मला देऊन जा."

तूदाने आपला अर्धा दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिला.

संध्याकाळच्या आत हद्दूने माती कालवली आणि रेझिनचा ट्रायलोबाइट दारावर लिंपला. मोहा फळीला टेकून बघत होता. तो म्हणाला, "सगळ्या बाजाराचा माल पारखणारा माणूस, आणि त्याच्याच दारावर नकली. दादा, लोक हसतील."

"हसू देत," हद्दू म्हणाला. "तू जरा पाणी ओत."

लोक हसले नाहीत. उलट गिऱ्हाइकं त्याच दगडापाशी थांबू लागली. पोकळीकडे फक्त जाणकार बघायचे, हा सगळ्यांना दिसायचा. किती, असं विचारायची. हद्दू सांगायचा की तो नकली आहे. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा मुरलेला आहे, भाव चढवतोय. ती जास्त पैसे सांगायची. इत्तो दारातून म्हणायची, अरे देऊन टाक, भिंत तरी धड राहील.

हद्दू खालच्या फळीवरून दुसरा एखादा उचलून पुढे करायचा.

"हा घ्या. तो देता येणार नाही. त्याचा मालक फ्रान्सला आहे."