पिशवीतला पांढरा कोट

खडकीच्या एका कारखान्याच्या गेटावर रतन वानखडे एकोणतीस वर्षं पास फाडत होता. भेटीला आलेल्याला पिवळा पास, कामाला आलेल्याला हिरवा. पिवळा दोन मिनिटांत मिळायचा. हिरव्याला आतल्या साहेबाची चिठ्ठी लागायची. म्हणून कामाची माणसंसुद्धा पिवळाच मागायची. रतन तोंडाकडं बघायचाच नाही, पिशवी उघडायला लावायचा. सख्खा साळा अनंत एकदा "साहेबाला भेटायचंय" म्हणत आला आणि पिशवीत निघाला पाना. रतननं त्याला भर उन्हात माघारी धाडला. दोन वर्षं साळ्यानं घरची पायरी चढली नाही. "नातं घरी, गेटावर पास," एवढंच रतन म्हणायचा.

असा खमक्या माणूस पोरीच्या वेळी मात्र घसरला.

निकिता कर्वेनगरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं तिला उन्हाळ्यात दोन महिने प्रयोगशाळेत काम शिकायला बोलावलं. अशा शिकाऊ पाहुण्यांचा व्हिसा वेगळा, आणि तो मागायला विद्यापीठाचा एक छापील फॉर्म लागतो. दहा जूनला हजर व्हायचं होतं. मे अर्धा सरला, फॉर्मचा पत्ता नाही.

शेजारच्या बद्रीनाथचा जावई खराडीला आयटीत. त्यामुळं परदेशाचं सगळं ज्ञान बद्रीनाथच्या ओट्यावर फुकट वाटलं जाई.

"रतनराव, टुरिस्ट काढा. पोरगी फिरायला चालली म्हणायचं. आमचं जावई मीटिंगच्या व्हिसावर गेलं आन् तीन महिने काम करून आलं. कोण बघतंय?"

रतनला पटलं. घरी येऊन म्हणाला, "टुरिस्टच काढू. तू काय चोरी करून राह्यली थोडी?"

निकितानं वाद घातला नाही. "चालेल बाबा. पण मुंबईला वकिलातीच्या खिडकीवर इंटरव्ह्यू असतो. प्रॅक्टिस करू. तुम्ही ऑफिसर."

रतननं खुर्ची ओढली, चष्मा चढवला. बायको ललिता लसूण सोलत बघत बसली. निकिता पाठीवर बॅग अडकवून समोर उभी राहिली.

"कायले आली?"

"फिरायला, सर."

"बॅग उघड."

आत प्रयोगशाळेचा पांढरा कोट होता, जाड चष्मा होता आणि विद्यापीठाचं पत्र होतं.

"फिरायले आलेलं मानूस असा कोट घालते?" रतनची जीभ एकोणतीस वर्षांच्या वळणानं चालली. "वापस जा. बरोबर पास घेऊन ये."

बोलला आणि मग त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

ललितानं लसणाचं टरफल फुंकलं. "अवो, मंग माह्या भावाचं काय चुकलं होतं?"

रतननं चष्मा काढून उगाच पुसला. टुरिस्टचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. निकितानं विद्यापीठाला रोज एक ईमेल धाडायचा सपाटा लावला. फॉर्म आला एकतीस मेला, मुलाखतीची तारीख मिळाली त्यानंतर, आणि पोरगी पोचली नऊ दिवस उशिरा. तेवढे दिवस बुडाले ते बुडालेच. बद्रीनाथ ओट्यावरून म्हणत राहिला, "सरळ मार्गानं जायचं म्हणजे उशीर व्हायचाच."

पोचल्यावर निकिताचा फोन आला. "बाबा, विमानतळावर बॅग उघडायला लावली."

"कोट पाह्यला?"

"पाहिला. फॉर्म वाचला, मला दोन प्रश्न विचारले, मग शिक्का."

"गेट बरं हाय," रतन म्हणाला आणि फोन ललिताच्या हातात दिला.