श्वास सोडा आणि थांबा

सून इस्पितळात एमआरआयचं यंत्र चालवते, हे सासरे पाहुण्यांना सांगत ते असं: "बटण दाबते, पगार घेते." स्वतः त्यांनी उभा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या नळांवर उष्णता अडवणारा लेप चढवण्यात घालवला होता, घाम न गाळता केलेल्या कामाला ते काम म्हणतच नसत. सून हसून सोडून देई. जित्याची खोड, दुसरं काय.

मग सासऱ्यांना धाप लागू लागली. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाचं अस्तर जाडावलेलं दिसलं, पण ते कशानं हे कळेना. कर्करोग की साधा जुना व्रण? सुई घालून तुकडा काढणं या वयात झेपेल का, या विचाराने डॉक्टरबाईंनी आधी एमआरआय करायचं ठरवलं. कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीने बसतात, त्यांच्यामधल्या पाण्याला हलायला जागा उरत नाही, आणि ते या यंत्राला दिसतं. मात्र माणूस हलला की चित्र फुकट.

यंत्र सुनेच्याच हाती होतं. श्वास रोखा म्हटल्यावर सासरेबुवा पैलवानासारखी छाती फुगवून पडले आणि लगेच खोकले. दुसऱ्यांदा तेच. धापेच्या माणसांसाठी तिची एक रीत होती: श्वास भरून नाही, सोडून थांबायचं, म्हणजे छाती शांत राहते. तिने माइकवरून तसं सांगितलं.

"रिकाम्या छातीनं कुणी दम धरतं होय?" आतून उत्तर आलं.

घरात तिने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आता आवाज चढला.

"बाबा, घरी तुमचं चालतं. इथे माझं ऐकायचं. श्वास सोडा आणि थांबा."

त्यांनी मुकाट्याने ऐकलं. ती सांगेल तेव्हा सोडला, सांगेल तेव्हा थांबले. पडद्यावर अस्तर रेघ न् रेघ स्वच्छ उमटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. कर्करोगाची खूण नाही, जुना व्रण आहे. सुई नको, अधूनमधून तपासत राहू. सुनेला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. इतकी स्पष्ट चित्रं क्वचित मिळतात, असंही बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

"तुमची सही दिसतेय. फोटो कुणी काढले, ते कुठाय?"

ते लिहायची पद्धत नाही, बाई म्हणाल्या.

"मग आजपासून पाडा." त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे धरलं. "लिहा. माझ्या सुनेनं काढलेत."